निकिफोरोसचा रिकामा पेला

एक

देस्पिना तुर्की किनाऱ्यावरच्या आयवलीहून निर्वासितांच्या बोटीने ग्रीसमधल्या व्होलोसच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिच्यापाशी एक शिवणाची सुई होती आणि कडेवर एव्हान्थिया होती. एव्हान्थियाने तंबाखूच्या वखारीत पाने निवडून आपली मुलगी फोतिनी वाढवली. फोतिनीने त्याच वखारीत, त्याच बाकावर बसून आपल्या मुलीला, अर्घिरोला, शाळेत शिकवले. अर्घिरो वखारीत गेली नाही. ती कस्टममध्ये लागली आणि निवृत्त होईपर्यंत बोटीवरून उतरणाऱ्या बायकांच्या पेट्या उघडून पाहत राहिली. त्या घरातल्या बायकांनी कुणापुढे हात पसरला नाही. फोतिनीवर एकदाच प्रसंग आला होता, आणि माझ्या आईने तेव्हा जे केले ते त्या घराने विसरले नाही. आमच्या घराने ते कधी बोलून दाखवले नाही.

मी पोलिक्सेनी. बंदरावरची निळ्या दारांची खाणावळ माझी आहे. माझ्या सासूने ती मला दिली. मी ती अजून कुणाला दिलेली नाही. आमच्याकडे खाणे मागवायचे नसते. गिऱ्हाइकाने बडीशेपेच्या वासाच्या त्सिपुरोची छोटी बाटली मागवावी. त्या दारूबरोबर बशीत काय येईल ते स्वयंपाकघर ठरवते. दुसऱ्या बाटलीला दुसरी बशी. म्हणून व्होलोसची माणसे जेवणातली वेळ घड्याळावर सांगत नाहीत. 'कोळंबीच्या वेळी त्याचा फोन आला', 'तारल्या संपता संपता भांडण झालं', असे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते नेमके कळते.

खिडकीजवळचे मेज बंदरातून निवृत्त झालेल्या पाच मित्रांचे. मोठ्या जहाजांना ओढून आणणाऱ्या 'पेलागिया' या टगबोटीचा कप्तान निकिफोरोस. तिच्या इंजिनावरचा थ्रासोस. तिचे दोर सांभाळणारा पान्देलिस. बंदर कचेरीत वायरलेसवर बसणारी क्लेओनिकी. आणि वयाने सर्वांत लहान अर्घिरो. पेन्शन सुरू झाली की माणसे एकमेकांना रस्त्यात चुकवू लागतात, कारण बोलायला काम उरलेले नसते. या पाचांनी ते होऊ दिले नाही. दुखणी आली, लग्ने आली, नातवंडे आली. गुरुवारचे दुपारचे जेवण चुकले नाही. मी मनापासून मान देते अशी माणसे या गावात थोडी आहेत. त्यांतली पाच या एका मेजाभोवती बसत.

निकिफोरोस गेला, तेव्हापासून चौघे बसतात. पाचव्या खुर्चीपुढे भरलेला पेला ठेवतात आणि त्याच्याशेजारी निकिफोरोसची हातात खेळवायची माळ. पिवळ्या अंबराचे मणी, त्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेले. एरवी ती भिंतीवरच्या खिळ्याला असते. पेल्याला कुणी हात लावत नाही. निघताना क्लेओनिकी तो समुद्रात ओतते.

त्या गुरुवारी तिसरी बशी रिकामी झाली, चौथी बाटली मागवली गेली, आणि बाहेर भोंगा वाजला. 'पेलागिया' भंगारात निघाली होती. जिने जन्मभर दुसऱ्यांना ओढले तिला दुसरी बोट ओढून नेताना पाहायला सगळी खाणावळ धक्क्यावर गेली. मीही गेले. थ्रासोसने टोपी काढली. बोट बांधाच्या टोकापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही परतलो.

मेजावर माळ नव्हती. आणि निकिफोरोसचा पेला रिकामा होता.

दोन

"मी पाहिलं," क्लेओनिकी म्हणाली. "आत वळताना काचेतून पाहिलं. मालकीणबाई, तुमची सून या मेजापासून वळली आणि एप्रनखाली काहीतरी झाकून मागच्या दाराकडे गेली."

"तुला चष्म्याशिवाय जहाज दिसत नाही," थ्रासोस म्हणाला.

"जहाज दिसत नाही. चोर दिसतो."

माझी सून द्रिता माकुलाची बशी घेऊन नुकतीच बाहेर आली होती. ती सीमेपलीकडची, अल्बेनियातल्या सारान्दाची. माझ्या मिल्तोसने तिला लग्न करून आणले तेव्हा धक्क्यावर जे कुजबुजले त्यांना मी त्यांच्या तोंडावर गप्प केले होते. पण कुजबुज मरत नाही, झोपते.

"द्रिता," मी म्हणाले, "आम्ही बाहेर असताना तू या मेजापाशी आली होतीस?"

तिने माझ्याकडे पाहिले, क्लेओनिकीकडे पाहिले. "नाही, आई. मी स्वयंपाकघरातून हललेच नाही."

ती खोटे बोलत होती. माझ्या छपराखाली खोटे बोलले की मला ते भाजीतल्या जास्तीच्या मिठासारखे लगेच कळते.

"ऐकलंत?" क्लेओनिकी उठली. "निकिफोरोसची माळ ज्या घरात सांभाळली जात नाही, त्या घरात मी जेवणार नाही. पुढचा गुरुवार दुसरीकडे. नाहीतर पोलिसांत."

"पोलिसांत काय सांगशील? मेलेला माणूस दारू पिऊन माळ घेऊन गेला?" थ्रासोस म्हणाला, पण त्याचाही आवाज बसला होता. पान्देलिसने आपली काठी उचलली आणि तो हळूहळू निघून गेला.

द्रिताने एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "आई, पुढच्या गुरुवारपर्यंत माझं नाव धुऊन निघालं नाही, तर मी मिल्तोसला घेऊन माझ्या आईकडे जाईन. चोर म्हणून मी या धक्क्यावर चालणार नाही."

एवढ्या वेळात अर्घिरोने एकच गोष्ट केली होती. तिने रिकाम्या पेल्याभोवतीच्या मेजपोसावर तळहात फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"सांडला असेल," क्लेओनिकी म्हणाली. "चोरीच्या घाईत."

"कोरडं आहे. बडीशेपेचा वाससुद्धा नाही," अर्घिरो म्हणाली. "हा पेला कुणीतरी प्यालं आहे, क्लेओनिकी. चोर माळ उचलतो आणि पळतो. मेलेल्याचा पेला पीत बसत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "पोलिक्सेनीमावशी, आठ दिवस मला द्या. आणि माझ्याबरोबर चला. तुमच्यासमोर कुणी फार बडबड करत नाही."

तीन

पहिल्यांदा आम्ही क्लेओनिकीकडे गेलो. तिने कॉफी दिली, साखर विचारली नाही. अर्घिरोने माळेचे नावही काढले नाही.

"गुरुवारी काय काय खाल्लंस गं?"

"हे विचारायला आलीस?"

"सांग तर."

"पहिल्यांदा ऑक्टोपस. मग तारल्या, जरा करपलेल्या, मालकीणबाई, राग मानू नका. मग कोळंबी. मग तो भोंगा. परत आलो आणि माकूल आलं. ते मी खाल्लं नाही, घास उतरेना."

खाली उतरल्यावर मी म्हणाले, "जेवणाची चौकशी कशाला?"

"कस्टममध्ये बाईला पेटीत काय आहे असं विचारलं की ती घरून पाठ केलेलं सांगते," अर्घिरो म्हणाली. "मी विचारायची, प्रवासात काय खाल्लंत. खाण्याबद्दल खोटं बोलायची तयारी कुणी करत नाही. अंजीर कुठल्या बंदरात खाल्ले ते सांगता सांगता बाई कुठे उतरली होती ते सांगून जायची."

थ्रासोस अंगणात जुने पंप उघडून बसला होता. नळ गळत नसला तरी तो दुरुस्त करतो.

"ऑक्टोपस, तारल्या, कोळंबी, माकूल," तो बोटांवर मोजत म्हणाला. "आणि शिंपले नाहीत! चौथ्या बाटलीला मोहरीतले शिंपले येतात, पेलागियाला धुराडं होतं तेव्हापासून येतात. मालकीणबाई, दुःखात होतो म्हणून बोललो नाही. पण लक्षात आहे."

"तुझ्या लक्षात राहायला पोटातून जावं लागतं," अर्घिरो हसली. "धक्क्यावर तुझ्याजवळ कोण होतं?"

"कोण जाणे. मी बोटीकडे बघत होतो. माणसांकडे कोण बघतं?"

पान्देलिस टेकडीच्या पायथ्याशी एकटा राहतो. बायको गेली, मुलगा जर्मनीत. दर उन्हाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर तुळशीच्या कुंड्यांची रांग असते. त्या दिवशी पायऱ्या रिकाम्या होत्या. आत कॅनरीचा पिंजराही उघडा.

"पक्षी मेला की काय?" मी विचारले.

"शेजारणीला दिला. कुंड्याही दिल्या. पाणी घालायचा कंटाळा आला, मालकीणबाई." तो आमच्याकडे न बघता बोलत होता. त्याने आम्हाला चेरीचा मुरंबा दिला, पण चमचे शोधायला त्याला वेळ लागला. कपाट जवळजवळ मोकळे होते.

"गुरुवारी काय खाल्लंस, पान्देलिस?"

त्याचा चेहरा उजळला. खाण्याच्या आठवणीत तो नेहमीच तरुण होतो. "ऑक्टोपस, मऊ, लोण्यासारखा. तारल्या. कोळंबी. मग काळे शिंपले, पण मोहरीतले नव्हेत, शेपू आणि लिंबाची साल घातलेले. वास कसा सुटला होता! मग माकूल."

"शिंपले आवडले?"

"माझ्या वाट्याला कुठे आले? थ्रासोसला विचार, त्याच्याच पोटात गेले असणार."

उतारावरून खाली येताना मी म्हणाले, "पान्देलिस म्हातारा झाला. माझ्या खाणावळीत शेपूतले शिंपले कधी झाले नाहीत, होणारही नाहीत."

अर्घिरो थांबली. वाऱ्याने तिचे पांढरे केस तोंडावर आले होते, ते तिने मागे सारले.

"मावशी, तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या परवानगीशिवाय काही शिजतं का?"

"नाही."

"मग द्रिता खोटं का बोलली ते मला कळलं," ती म्हणाली.

चार

द्रिता सामान भरत होती. अर्घिरो पलंगाच्या कडेवर तिच्याशेजारी बसली.

"पोरी, एप्रनखाली काय होतं?"

द्रिता माझ्याकडे बघू लागली.

"सासूकडे बघू नकोस. त्या दगडाच्या आहेत, पण दगडावरच घर उभं राहतं. सांग."

"शिंपले," द्रिता म्हणाली आणि एकदम रडू लागली. "आईंनी सांगितलं होतं, मोहरीतलेच करायचे. पण माझी आई शेपू आणि लिंबाची साल घालते. मला वाटलं, एकदा या चौघांना खायला घालावेत. त्यांना आवडले तर आई काही बोलणार नाहीत. मी बशी मेजावर ठेवली आणि ब्रेड आणायला आत गेले. परत आले तर बाहेर आईंचा आवाज. माझा धीर सुटला. बशी एप्रनखाली झाकली आणि मागच्या अंगणात मांजरांना टाकली. मग माकूल तळलं."

"बशी उचललीस तेव्हा माळ होती?"

"पाहिलं नाही. शपथेवर सांगते, मी फक्त बशी पाहिली."

"क्लेओनिकीला हे का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"चोर ठरले तर मिल्तोस माझ्या बाजूनं उभा राहील असं वाटलं. तुमचा शब्द मोडला हे कळलं असतं तर कोण उभं राहिलं असतं?"

खाली जाऊन मी शेपूची जुडी आणवली आणि तिच्या ओट्यावर ठेवली.

अर्घिरो दाराशी होती. "मावशी, गुरुवारी चौघांनाही बोलवा. क्लेओनिकीला तुम्ही स्वतः बोलवा. ती मला नाही म्हणेल, तुम्हाला म्हणणार नाही."

"कुणी घेतली ते तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. का घेतली तेही माहीत आहे, आणि तेच जास्त वाईट आहे."

पाच

गुरुवारी चौघे बसले. निकिफोरोसचा पेला भरला. त्याच्याशेजारी जागा मोकळी. पहिली बाटली कुणी उघडली नाही.

अर्घिरोने पिशवीतून एक घडी केलेला रुमाल काढला. डोक्याला बांधायचा, काळा, काठाला विटलेली तांबडी वेल. तिने तो मेजावर पसरला आणि मी वाकून काठाची वेल पाहिली. तो रुमाल माझ्या आईचा होता.

तंबाखूच्या वखारीत मुकादमाचे चांदीचे घड्याळ हरवले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि आईशेजारच्या बाकावर बसत होते. निर्वासितांची पोर म्हणून आळ फोतिनीवर आला. दोन पुरुष तिची सर्वांसमोर झडती घ्यायला पुढे झाले. माझी आई उठली, डोक्यावरचा रुमाल सोडून तिने जमिनीवर पसरला, आपले खिसे त्यावर उलटे केले आणि म्हणाली, "आधी माझी." मग एकेक करून सगळ्या बायका रांगेत आल्या. फोतिनीची पाळी येण्याआधीच मुकादमाला घड्याळ त्याच्या दुसऱ्या कोटात सापडले. आईने तोच रुमाल फोतिनीच्या डोक्याला बांधला आणि तिला ताठ मानेने घरी पाठवले.

"आधी माझी," अर्घिरो म्हणाली आणि तिने पिशवी रुमालावर उलटी केली. किल्ल्या, चष्मा, कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या, अर्धे बिस्किट.

थ्रासोसने खिसे रिकामे केले: एक स्क्रू, दोन स्क्रू, मिठाची पुडी. क्लेओनिकी चुळबुळली, पण तिलाही पिशवी रिकामी करावी लागली. तिच्या पिशवीतून साखरेच्या कागदी पुड्यांचा ढीग पडला.

"या माझ्या खाणावळीच्या पुड्या," मी म्हणाले.

"तुझी साखरेची खाण इथे आहे होय!" थ्रासोस ओरडला. "आणि चोर हिला काचेतून दिसतो!"

क्लेओनिकी कानापर्यंत लाल झाली. मग पान्देलिसने कोटात हात घातला. अर्घिरोने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तू थांब. आधी एक बशी येऊ दे. द्रिता!"

द्रिताने बशी आणली. काळे शिंपले, वर शेपू, लिंबाची साल. पान्देलिसने वास घेतला आणि तो नकळत हसला. "हेच ते. त्या दिवशीचे."

"कुठल्या दिवशीचे?" थ्रासोसने विचारले. "त्या दिवशी शिंपले आलेच नाहीत."

पान्देलिसने बशी हळूच दूर सारली.

"आले होते," अर्घिरो हळू आवाजात म्हणाली. "पण आपण धक्क्यावर असतानाच आले आणि कुणी खाण्याआधीच परत गेले. हे शिंपले या घरात त्यापूर्वी कधी शिजले नव्हते, म्हणून सवयीनं आठवले असं म्हणायलाही जागा नाही. ते पाहिलेली माणसं दोनच. एक द्रिता, जिनं ठेवले आणि उचलले. दुसरा तो, जो मधल्या वेळात या मेजापाशी एकटा उभा होता." ती पान्देलिसकडे बघत राहिली. "शिवाय तो पेला. पेलागियावर रीत होती ना रे? लांबच्या प्रवासाला निघालेला मागे राहणाऱ्याचा पेला पिऊन जातो. तुळशी दिल्यास, कॅनरी दिलास, कपाट रिकामं केलंस. मला कळलं तेव्हा मी उतारावर उभी होते, आणि मला खाली उतरवेना. कधी निघायचं आहे?"

पान्देलिसने कोटातून माळ काढली आणि रुमालावर ठेवली. त्याची बोटे तिच्यावरून सुटेनात.

"रविवारी," तो म्हणाला. "स्टुटगार्ट. मुलगा म्हणतो, एकटा मरशील. डोळेही गेलेत. तुम्हाला सांगितलं असतं तर शेवटचा गुरुवार रडारडीचा झाला असता. पेलागिया जाताना बघवेना. आत आलो, निकिफोरोसला म्हटलं, चल बाबा माझ्याबरोबर, तिथे मला कुणी ओळखत नाही. मग या पोरीवर आळ आला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. घरी जाऊन रोज म्हणायचो, उद्या सांगतो." तो काठीवर भार देऊन उठला आणि द्रितासमोर उभा राहिला. "पोरी, मला शिक्षा दे."

"बसा, आजोबा," द्रिता म्हणाली. "शिंपले गार होतात."

क्लेओनिकीही उठली. तिला हे जड गेले. म्हणूनच मी तिला मानते. साऱ्या खाणावळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "द्रिता, मी तुला चोर म्हणाले. मी खोटी आणि तू खरी. हे मी धक्क्यावर प्रत्येकाला सांगेन." आणि थोडे थांबून, "आणि साखरेचं मालकीणबाईंना मी नंतर सांगते."

"माळ घेऊन जा," थ्रासोस पान्देलिसला म्हणाला. "आम्ही खिळ्याला काय बघत बसू?"

"नाही," अर्घिरो म्हणाली. "माळ इथेच राहील. उन्हाळ्यात ती हातात घ्यायला त्याला यावं लागेल. आणि गुरुवारी त्याचा पेलाही भरला जाईल."

"मग तो समुद्रात नाही ओतायचा," थ्रासोस म्हणाला. "मेलेल्याचा समुद्राला. जिवंत माणसाचा मी पिईन."

पान्देलिस रडत रडत हसला, आणि हसता हसता त्याने पहिला शिंपला उचलला. चौघांनी बशी पुसून खाल्ली. थ्रासोसने मोहरीचे नाव काढले नाही. तेव्हापासून चौथ्या बाटलीला शेपूतले शिंपले जातात. ते द्रिता ठरवते.

ते निघाल्यावर अर्घिरो मागे थांबली. तिने रुमाल झटकला, त्याची काळजीपूर्वक घडी केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"आईनं शेवटच्या दुखण्यात हा माझ्या हाती दिला, मावशी. म्हणाली, पोलिक्सेनीच्या घरच्या बाईवर आळ आला आणि तो तू उतरवलास, तर त्या दिवशी परत कर. त्याआधी नको. मी म्हणायची, त्या घरावर आळ घ्यायची कुणाची छाती आहे? आई म्हणायची, ठेव जपून."

मी रुमाल घेतला. त्याला अजून तंबाखूचा मंद वास होता. की मला तसे वाटले, कोण जाणे. द्रिता मेज पुसत होती. मी तिला बोलावले, खाली बसवले आणि माझ्या आईने बांधला होता तसाच तिच्या डोक्याला तो बांधला, गाठ मानेच्या मागे, घट्ट.

"देणं पोहोचलं का, मावशी?" अर्घिरोने विचारले.

"पुरतं पोहोचलं," मी म्हणाले.